आज पावणं आलेत

माझ्या बापाचा हात घालवला तो माझ्या सख्ख्या चुलत्यानं, आप्पानं. बापाला लकवा झाल्यावर सरकारी दवाखान्यातली फिजिओथेरपीची मॅडम राजुरीत घरी यायची, हाताचा व्यायाम घ्यायला. पण राव, आजाऱ्याला भेटायला आमची अख्खी भावकी येते, आणि त्यांच्यासमोर आजारी माणूस निजलेलाच दिसावा लागतो. आप्पा तिला दारातूनच सांगायचा, "मॅडम, आज पावणं आलेत. पुढल्या खेपेला या."

मी भांडलो, "आप्पा, हात आखडून जाईल त्यांचा!"

"कॉलेज सोडलं नि आमाला शिकवतो व्हय? लकव्याच्या माणसाला व्यायाम! उद्या नांगराला जुंपशील!"

पाहुणे लई हसले. दर खेपेला हेच. शेवटी मॅडम यायची थांबली.

आता बापाची उजवी मूठ उघडत नाही. जेवण आई भरवते.