विद्यार्थ्यांच्या बाकावर मी

मी मूळची साताऱ्याची, वडील पोस्टात होते, एम.ए.ला दिल्लीत आले ती इथलीच झाले. मुनिरक्याला खोली होती, एवढीशी, पण काय सांगू तुम्हाला, त्या खोलीत आम्ही चौघी इतिहासावर भांडायचो, चहा गार होऊन जायचा, कुणाला पत्ता नसायचा. मग शिकवायला लागले, नोकरी तात्पुरती, तरी वर्गात शिरले की भूकतहान विसरायचे, तास संपला तरी मुलं उठायची नाहीत, मॅडम, और बताइए ना, म्हणायची. ते दिवस वेगळेच होते हो.

पुढे नोएडात एका खासगी विद्यापीठात कायमची नोकरी लागली, घरचे खूश, मीही खूश. पण तिथं शिकवणं कमी आणि बाकीचंच जास्त, फीडबॅकचे फॉर्म, हजेरीचे तक्ते, सुट्टीत पालकांना फोन करा, ॲडमिशन आणा, आणि वर आमचे विभागप्रमुख विचारणार, टार्गेट का राहिलं? झोप गेली माझी. एके सकाळी वर्गात उभी राहिले आणि शब्दच फुटेना, वर्षानुवर्षं शिकवलेला विषय, पण तोंड कोरडं. पाणी पिऊन येते म्हणाले आणि तडक पार्किंगमध्ये, गाडीत बसून रडले.

समुपदेशनाची खोली होती आमच्याकडे, पण ती मुलांसाठी, मॅडमनं तिथं कशाला जायचं? तरी गेले. तर बाहेरच्या बाकावर माझीच विद्यार्थिनी, रिया. इतकी लाज वाटली, परत फिरणार होते, तेवढ्यात ती सरकून म्हणाली, मॅम, बैठिए ना, पहली बार मैं भी डर गई थी. बसले मग.

आतल्या बाईंनी एवढंच विचारलं, झोप कधीपासून नाही? आणि मला भरूनच आलं, कारण हे कुणी विचारलंच नव्हतं, अगदी नवऱ्यानंही नाही. चार-पाच वेळा गेले. त्या म्हणाल्या, एका कामाला तरी नाही म्हणून बघा. धीर करून विभागप्रमुखांना सांगितलं, सर, फोनचं काम मला जमणार नाही, मी आजारी पडतेय, समुपदेशनाच्या मॅडमकडे जातेय. ते उठून दार लोटून आले, आणि हळूच म्हणाले, त्या मॅडम किती वाजेपर्यंत असतात?

आता आम्हा शिक्षकांसाठीही बुधवारची वेळ ठेवलीय. फॉर्म आहेतच, ते कुठं जातायत. पूर्वीचा तो आनंद रोज येत नाही, येतो त्या दिवशी पुरवून घ्यायचा. रिया पास होऊन गेली, कुठं असेल माहीत नाही. जिथं असेल तिथं तिला शांत झोप लागो, बस.