रिकामी पेटी

नाटकाला गेलो की दगडूला मी कडेच्या खुर्चीवर बसू देत नाही. का, ते सांगतो, चहा घ्या तोवर.

वाशीला तेव्हा नाट्यगृह नवीन होतं. दगडू आणि मी, दोघंही मार्केटातले हमाल. गावाकडं तमाशे पुष्कळ बघितलेले, पण असं खुर्चीत बसून नाटक पहिल्यांदाच. नाटकात मुलांनी म्हाताऱ्या बापाला घराबाहेर काढलेलं. बाप आपली पत्र्याची पेटी उचलायला बघतोय, पण ती काही त्याला उचलवत नाही. मुलगे नुसते उभे. सगळे लोक डोळे पुसतायत.

आता आमच्या हमालांत कसं असतं, ओझ्यापाशी कुणी अडला की जवळचा उठून हात लावतो. विचारत बसायचं नसतं. मी बघतोय तोवर कडेला बसलेला दगडू पायऱ्या चढून रंगमंचावर!

"थांबा बाबा, मी घेतो," म्हणाला. पेटी जड समजून त्यानं असा हिसका दिला, की ती थेट डोक्याच्या वर गेली.

"आयला! बाबा, हिच्यात तर काय बी न्हाई!"

लोक फिदीफिदी हसायला लागले. मला वाटलं, झालं, आपल्यापायी नाटक बुडालं.

बापाचं काम करणारा नट मात्र शांत. दगडूच्या खांद्यावर हात ठेवून, मुलांकडं बघत म्हणाला, "कुठनं असणार, लेका? समदं ह्यांनी काढून घेतलं."

मग टाळ्या सुरू झाल्या, त्या थांबेनात.

दगडूनं पेटी हळूच खाली ठेवली, बाह्या सरसावल्या आणि तो मुलांकडं निघाला. शेवटी पडदाच पाडावा लागला.