तुमचं मशीन, आमचं मशीन

आई : ...बूटसुद्धा काढले नाहीत. भर दुपारी आला आणि खुर्चीत बसला तो बसलाच. वाढू का विचारलं, तर म्हणाला, वाढ. वाढलं, तर ताट तसंच समोर.

ती : काही बोलला का, आई?

आई : म्हणाला, कंपनीनं मशीन बंद केलं. मी म्हटलं, बिघडलं असेल, होईल दुरुस्त. तर म्हणाला, तसं नाही गं, गेमची मशीनं आम्ही आता बनवणारच नाही. ती तुझ्या सुनेची कंपनी बनवेल. तुला ठाऊकच असेल ना गं?

ती : तुम्ही जरा पडा आई. मी बघते त्याच्याकडे.

आई : बघ. आणि रागावला तर रागावू दे त्याला. नुसता बसलाय, त्याचीच मला भीती वाटते.

(ती आतल्या खोलीत जाते.)

ती : बूट तरी काढ.

तो : हो.

ती : कुणी सांगितलं तुम्हा सगळ्यांना?

तो : सगळ्यांना कँटीनमध्ये बोलावलं. मला वाटलं, कुणाचा तरी वाढदिवस असेल. साहेब बोलायला उभे राहिले तर माईक चालेना. मग खुर्चीवर चढले. म्हणाले, यंत्रं बनवणं थांबवतोय, खेळ तेवढे बनवू. आणि ते खेळ चालणार तुमच्या मशीनवर. तसा करार झालाय म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

ती : टाळ्या?

तो : का ते कुणास ठाऊक. मीही वाजवल्या.

ती : थोडं खाऊन घे.

तो : करार तुमच्याच खात्यातून गेला असणार.

ती : हो.

तो : तुझ्या हातून.

ती : माझ्या टेबलावरून.

तो : कधी?

ती : उन्हाळा सुरू व्हायच्या आधी.

तो : म्हणजे आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या आधी.

ती : हो.

तो : म्हणून हटून बसली होतीस. एक दिवस रजा टाक, एक दिवस रजा टाक. एरवी तू असं कधी म्हणत नाहीस. मी म्हटलं, नवीन मशीन थंड ठेवणारा पंखा पहिल्यांदा लावतोय, मला गेलंच पाहिजे.

ती : आणि म्हणालास, तुम्हा लोकांचं काय, कागदावर सह्या करायच्या.

तो : असं म्हणालो?

ती : हो.

तो : मग खरंच बोललो की. पंखा गप्प झाला तेव्हा तुला येऊन सांगितलं होतं मी. रविवारी.

ती : आठवतंय.

तो : लग्न ठरतानाच ठरवलं होतं आपण, ऑफिसचं ऑफिसात. इतकी वर्षं दोघांनीही पाळलं. त्या दिवशी मला राहवलं नाही. म्हटलं, मशीन चालू आहे की बंद, कान लावून ऐकलं तरी कळत नाही. तू म्हणालीस, छान. आणि गच्चीवरचे कपडे आणायला गेलीस.

ती : हो.

तो : कपडे येताना मीच आणले होते.

ती : वर जाऊन बसले होते थोडा वेळ.

तो : मला वाटलं, नियम मोडला म्हणून चिडलीस.

ती : तुला सांगितलं असतं, तर दुसऱ्या दिवशी काय केलं असतंस?

तो : तेच केलं असतं बहुतेक. फक्त हाताखालच्या पोरांना घरी पाठवलं असतं. एकाला त्याच आठवड्यात मुलगी झाली. त्याला म्हटलं, बाळ काय पळून जाणार आहे का, ही चाचणी उरक आधी.

ती : कुणाला सांगणार नाही म्हणून लिहून दिलं होतं मी.

तो : माहीत आहे. तसलं मीही लिहून दिलंय. तुला दोष नाही देत.

ती : दे की. बोल काहीतरी.

तो : दुपारपासून शोधतोय. कुठंतरी राग असेल म्हणून. सापडत नाही. पहिल्या मशीनच्या वेळी आम्ही तुम्हाला चारी मुंड्या चीत केलं होतं.

ती : मी तेव्हा नुकतीच लागले होते. आमच्या साहेबांनी तुमचं मशीन बाजारातून विकत आणलं, टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, आधी रडून घ्या, मग उघडा.

तो : हे कधी सांगितलं नाहीस.

ती : कसं सांगणार?

तो : दुसऱ्या वेळी तुम्ही जिंकलात. स्वस्तात विकून.

ती : आमचं स्वस्त नव्हतं. तुमचं महाग होतं.

तो : असेल. आणि तिसऱ्या वेळी तुमची मशीनं तापून बंद पडायला लागली, तेव्हा आम्ही मिठाई वाटली. तू उशिरा यायचीस, तोंड धुवायचीस आणि झोपायचीस. दमलीस का, एवढंही मी विचारलं नाही. विचारलं की नियम मोडेल असं वाटायचं.

ती : आईंनी विचारलं होतं.

तो : आईचं बरं आहे. तिच्या लेखी दोन्ही डबडीच.

ती : लेकीचा फोन आला होता मला. तिनं वाचली बातमी.

तो : काय म्हणाली?

ती : म्हणाली, आता तरी घरात एक मशीन आणा. मग म्हणाली, बाबाला आज फोन करू की उद्या. मी म्हटलं, उद्या.

तो : घरात दोघं मशीन बनवणारे, आणि पोर खेळली शेजाऱ्यांकडे.

ती : कुठलं आणणार होतो आपण?

तो : तेही खरंच.

ती : ऐक. उद्या तुला आमच्याकडून फोन येईल. सोमवारी भेटायला बोलावतील. तुमच्यातल्या काही जणांना घेणार आहेत, मशीन थंड ठेवायच्या कामावर. मला विचारलं होतं तुझ्याबद्दल. मी म्हटलं, मला विचारू नका.

तो : बरं केलंस. म्हणजे तुमचं मशीन अजून तापतं.

ती : ते मी...

तो : नको सांगूस. जगजाहीर आहे. त्याच्यावरच तर आमची दुकानदारी चालली.

ती : दुसरं एक सांगते. आमचं पुढचं मशीन लांबणीवर टाकलंय. करार झाला त्याच आठवड्यात. समोर कुणी उरलंच नाही, तर घाई कशाला म्हणाले. नव्या मशीनवरची माणसं घरी जाणार आहेत. तुला घेतील ते आहे तेच मशीन सुधारायला. पुढं काय, ते त्यांनाही माहीत नाही.

तो : हे मला सांगायला नको होतंस.

ती : माहीत आहे.

तो : तुझी नोकरी जाईल.

ती : जाईल.

आई : अगं, जेवण गरम करू का त्याचं?

तो : कर गं आई. जेवतो मी.

ती : जाशील सोमवारी?

तो : जाईन. अजून काही वाटत नाहीये. वाटायला लागायच्या आत जाऊन येतो.

ती : मग गाडीनं बरोबरच जाऊ.

तो : तुमच्या गेटच्या अलीकडच्या चौकात उतरव मला. तिथून मी चालत येईन.