तोंडपाठ धडा

लिहिण्यात चुका झाल्या तर सांभाळून घ्या गड्यांनो. सातवीनंतर शाळा सुटली, त्यामुळे शब्दही साधेच येतात.

बहात्तरच्या दुष्काळानंतर कोरेगावाजवळच्या आमच्या गावात मी बायकांचा साक्षरता वर्ग घ्यायचो. त्यात पारूआक्का सगळ्यांत हुशार. फौजेतल्या लेकाचं पत्र तिला स्वतः वाचायचं होतं. बायका जात्यावरच्या ओव्यांसारखा धडा चालीवर म्हणायच्या आणि मला वाटायचं, यांना वाचायला आलं.

मग वाचनावर संशोधन करणारे एक साहेब पुण्याहून वर्ग तपासायला आले. आक्कानं पुस्तक धरून धडा घडाघडा म्हटला. साहेबांनी मधल्याच एका शब्दावर बोट ठेवलं.

"हा वाचा."

"आवं, मधनंच कसं? पयल्यापासनं म्हंते की!"

"बाई, हे वाचन नाही. पाठांतर आहे."

आक्का माझ्याकडे बघत राहिली. "व्हय रं? म्हंजे मला अजून काईच येत न्हाई?"

मी साहेबांना विचारलं, "मग शिकवायचं कसं, साहेब?"

"ते माझ्या अहवालात येईल."

"मला वाचायला मिळंल?"

"तो इंग्रजीत असतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फळा पुसला आणि तोच धडा पुन्हा लिहिला. मला दुसरी रीत येत नव्हती.