कापशीचं बाळंतपण

नाही हो मॅडम, उंदीर कसला, सशाचं पिल्लू आहे ते — पाय खाली घ्या, आधी पाय खाली घ्या, घेराला टाचण्या लावल्यात मी, पोटरीत घुसेल एखादी. चिंध्यांच्या टोपलीत झोपलं होतं, उठून आलंय बघायला कोण आलं म्हणून. आणखी दोन आहेत, पण ती गरीब आहेत, हेच एक उपद्व्यापी. वळा जरा खिडकीकडे. हं, अशाच उभ्या राहा. — हौस? छे हो, पिल्लांची हौस कुणाला होती! झाली आपली.

म्हणजे त्याचं असं आहे, आमच्या मुलीनं आणि पलीकडच्या — पलीकडे माझी धाकटी जाऊ राहते, एकच घर, मागच्या अंगणात मधोमध जाळी घातलीये — तर तिच्या मुलीनं, दोघींनी एकाच दुकानातून एकेक ससा आणला. दुकानदार शपथेवर सांगतो, दोन्ही माद्या, सख्ख्या मैत्रिणीसारख्या राहतील. आमची कापशी आणि तिची राणी. आता मैत्री करायला जाळी आड येत होती ना — ती का घातली म्हणता? काही नाही हो, चार पाहुण्यांसमोर ती हसत हसत म्हणाली, ताईंच्या हाताला शिवण आहे, चव नाही. झालं! मी म्हटलं, बरं, यापुढे माझ्या हातचं खाऊ नकोस. त्यावर ती काहीतरी बोलली, मी काहीतरी बोलले, आणि दोघा भावांनी मुकाट्यानं जाळी ठोकली. ते दोघे मात्र जाळीला टेकून रोज गप्पा मारायचे, निर्लज्ज. आम्ही दोघींनी तोंड उघडलं नाही. किती दिवस? दिवस कसले मॅडम, पोरींचे दोन इयत्तांचे गणवेश शिवून झाले माझे.

आणि त्या राणीनं जाळीखालून भुयार खणलं! आम्हाला पत्ताच नाही. एक दिवस बघते तर कापशी छातीचे केस उपटतीये, तोंडात गवत धरून कोपऱ्यात नेतीये. मला वाटलं खरूज झाली. चांगलं तेलबिल लावलं मी तिला! आणि भर दुपारी, घरात मी एकटी, ती कळा द्यायला लागली. पहिलटकरीण हो. जोर करतीये, करतीये, दात करकर वाजवतीये, आणि पिल्लू अर्धं बाहेर येऊन अडकलेलं. सुईत दोरा न बघता ओवते मी, पण त्या वेळी टॉवेलसुद्धा धरता येईना. मग काय केलं? काय करणार, जाळीपाशी जाऊन ओरडले — अगं ए, धाव गं, माझी कापशी मरतीये!

आली. चपला न घालता, हाताला साबणाचा फेस तसाच, जाळीचा कोपरा उपसून आली. कपड्यांच्या बादलीत टॉवेल घातला, कापशीला ठेवलं, बादली माझ्या मांडीवर दिली आणि स्कूटर अशी हाणली म्हणता — मी एका हातानं बादली धरलेली, दुसऱ्यानं तिची कंबर.

प्राण्यांची डॉक्टरीण शांत बाई. बोटाला काहीतरी बुळबुळीत लावून हळूहळू सोडवलं तिनं ते पिल्लू. मोठं होतं. गेलेलं होतं. जावेनं ते आपल्या रुमालात घेतलं, आणि मला म्हणाली, तुम्ही बघू नका ताई. — ताई म्हणाली. — मग इंजेक्शन दिलं, आणि ही तीन आली, एकापाठोपाठ एक, अंगठ्याएवढी, उघडीवाघडी. डॉक्टरीण विचारते, बाप कोण? माझी जाऊ खाली मान घालून म्हणते, आमची राणी. डॉक्टरीण खुर्चीत बसून हसली हो! मग मीही हसले, रडता रडता. जाऊ म्हणाली, ताई, आता आपण विहिणी झालो की. मी म्हटलं, मुलीची आई मी, म्हणून तोरा दाखवू नकोस, तुझ्या राणीचे पराक्रम आधी आवर. दुसऱ्याच आठवड्यात ऑपरेशन करून आणलं तिनं राणीचं. राणीच म्हणतो अजून.

पण खरी परीक्षा पुढे होती. कापशी पिल्लांना जवळच घेईना. डॉक्टरणीनं सांगितलं होतं, एकीनं आईला धरायचं, दुसरीनं पिल्लं पोटाशी लावायची, सकाळ-संध्याकाळ, नाहीतर एकही जगणार नाही. एकटीचं कामच नाही ते. मग जाऊ यायला लागली. इथंच, या चटईवर बसायची, कापशीचे कान कुरवाळत, आणि मी एकेक पिल्लू लावायची. पहिले काही दिवस नुसतं सशाबद्दलच बोलायचो. मग तिच्या गुडघ्याबद्दल. मग तिच्या आईबद्दल — आई गेली हो तिची मधल्या काळात, आणि मी जाळीच्या अलीकडे बसून होते. ते सगळं तिनं मला सांगितलं, कापशीकडे बघत.

हात वर करा. काखेत सैल हवंय का? ... आता? आता कसलं धरायला लागतंय, कापशी कधीची स्वतःहून पाजते त्यांना. पिल्लं तर बाहेरचंही खातात, हे बघा ना, कोथिंबिरीची काडी चघळतंय बेटं — नाही, म्हणजे — जावेला अजून सांगितलं नाही मी. सांगेन. सांगायचंच आहे. काय घाई आहे? तिला दिसत नसेल का, डोळे आहेत की तिला. पण तीही काही म्हणत नाही.

कडी वाजली का हो? तीच. मॅडम, आत जाऊन ड्रेस बदला, टाचण्या सांभाळून, आणि उद्या या. नाही, आज नाही जमायचं. अहो, ती काडी काढा आधी त्याच्या तोंडातून, द्या इकडे, मुठीत धरते — आलीस? ये गं, ये, बस. बघ ना, सकाळपासून एकानंही कशाला तोंड लावलेलं नाही.