सगळ्यात जास्त मार खाल्लेलीचे चार शब्द

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, म्हणजे आमच्या जिमखालच्या रंगाच्या दुकानाचे मालक, ज्यांचे डबे आमच्यामुळे फळीवर कधी सुखाने राहिले नाहीत, दूरच्या नामांकित प्रशिक्षण केंद्रातून मुद्दाम आलेल्या प्रमुख पाहुण्या मॅडम, आम्हाला शिकवणारे आमचे सर, पहिल्या रांगेत बसलेल्या माझ्या सासूबाई, आणि चपला दाराशी काढून, फाटके मोजे खुर्चीखाली लपवत बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो!

ही बाई भाषणाला का उभी राहिली, असं मॅडमना वाटत असेल. आमचा खेळ जाळीच्या पिंजऱ्यातल्या लढतीचा, लाथा, ठोसे, पकडी सगळं चालतं; त्यात खेळाडू म्हणाल तर मी बेताचीच. धंदा माझा केस कापायचा, कोपऱ्यावरचं पार्लर. पण आमच्या जिमची एक रीत आहे. कुणी सोडून निघालं की निरोपाचं भाषण कुणी करायचं? ज्याने त्याचा सगळ्यात जास्त मार खाल्ला, त्याने! यंदा त्यासाठी मतदान घ्यावं लागलं नाही. सगळ्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं.

सत्कारमूर्ती माझी धाकटी नणंद. घरात मी तिला 'तू' म्हणते, पण मॅटवर 'वन्सं'. आपटणाऱ्याला मान दिला की तो जरा हात राखून आपटतो, अशी माझी भोळी समजूत. नाही हो राखत! नाव मात्र असं चिकटलं की सर वन्सं म्हणतात, पिंजऱ्यात नाव पुकारणारा निवेदक वन्सं म्हणतो, आणि सासूबाई पोटच्या मुलीला वन्सं म्हणतात. बाकीच्या घरांत नणंद-भावजयीचं भांडण वर्षानुवर्षं धुमसतं म्हणे. आमच्याकडे ते फेऱ्यांत होतं. मध्ये मिनिटभर पाणी पितो, पुन्हा भांडतो, आणि घरी जाताना एका छत्रीतून जातो.

बरं, आता एक गंमत सांगते. सर, तुम्ही खुर्ची घट्ट धरा. मघाशी चहा घेताना मॅडमनी मला बाजूला नेलं आणि हळूच विचारलं, "वहिनी, मागे फळ्यावर 'निरोप' कशाला लिहिलंय? मी अजून काहीच ठरवलेलं नाही. आमच्या केंद्रात एकच जागा आहे. मी नुसती बघायला आले." अरे देवा! फोनवर त्या एवढंच म्हणाल्या होत्या की रविवारी येते, बघते. सरांनी फोन खाली ठेवायच्या आत हार सांगितले! बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, दुसरं काय? पुढे मॅडम म्हणाल्या, "कौतुक सगळेच करतील. तुम्ही मार खाल्लाय, तुम्ही खरं सांगा. तुमचं ऐकून ठरवते."

म्हणजे बघा, निरोपाचं भाषण करायला आले आणि परीक्षकाच्या खुर्चीत बसले. खरं सांगू? मनाचा एक कोपरा लगेच म्हणाला, सगळी कमजोरीच सांग, म्हणजे राहील इथेच. त्या कोपऱ्याला मी दटावलं, पण तो अजून कुरकुरतोय.

तर मॅडम, ऐका. आधी लाथ. वन्संची उजवी लाथ पोटरीवर बसली की दुसऱ्या दिवशी मी पार्लरमध्ये बगळ्यासारखी एका पायावर उभी. गिऱ्हाइकं विचारतात, नवस केलाय का? मग पकड. खाली वाकून त्या समोरच्याच्या गुडघ्यांना मिठी मारतात, आणि पापणी लवते न लवते तोच आपण छत बघत असतो. या छताला कुठेकुठे पोपडे आलेत ते मला तोंडपाठ आहे. आमचे अध्यक्ष खाली गल्ल्यावर बसून नुसत्या आवाजावरून ओळखतात. एखादा डबा पडला तर कुणीतरी पडलं. अख्खी फळी आली की वन्संनी पाडलं. हो ना हो अध्यक्ष? आणि मागून गळा आवळतात तो डाव तर काय वर्णावा! त्यातून गळा सोडवून घेतलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही.

आता उणं. वन्सं, रागावायचं नाही. लढतीआधी त्यांच्या वेण्या मी घालते, डोक्याला चिकटून, एक केस सुटेल तर शपथ. तरी बाईसाहेब ठोसा मारला की डावा हात कानामागे नेतात. का? बट सारायला! बट असते का तिथे? मुळीच नसते! सवय. तेवढ्यात गाल उघडा पडतो. दम म्हणाल तर शेवटच्या फेरीत जरा कमीच पडतो. जिने चढायला सांगितलं की त्यांना नेमकं काम आठवतं.

पण मॅडमच्या मनात अडलंय ते वेगळंच, मला ठाऊक आहे. गेल्या लढतीला त्या स्वतः हजर होत्या. समोरच्या मुलीचा गळा वन्संच्या हातात, अजून जरासा आवळला की संपलं, पंच वाकून बघतायत, मी बाहेरून घसा फोडतेय. आणि ती मुलगी म्हणाली, "आई गं!" झालं! हात सैल. भर पिंजऱ्यात, एवढ्या लोकांसमोर, आमच्या वन्सं विचारतात, "लागलं का?" त्या मुलीने उत्तर दिलं हो. कोपराने दिलं. लढत गेली.

आता ही सवय आली कुठून? आमच्या घरचा नियमच तसा. मी 'आई गं' म्हटलं की त्यांनी थांबायचं, "लागलं का?" विचारायचं, आणि मी म्हणायचं, "नाही गं, चल, अजून एक फेरी." घरचा नियम पिंजऱ्यात जाऊन बसेल, हे कुणाच्या स्वप्नात होतं? त्या दिवसापासून आम्ही दुसरं काही केलेलं नाही. मी बोंबलायचं, त्यांनी सोडायचं नाही. शेजारच्या काकू येऊन सासूबाईंना म्हणाल्या, "अहो, सुनेला इतकं छळू नये." सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "सराव चाललाय." काकूंचा आमच्यावर अजून डोळा आहे.

जमलंय का? कधी जमतं, कधी नाही. काल जमलं नाही. मग मी तोंडाने काय ग्वाही देऊ? हातच्या कांकणाला आरसा कशाला! सासूबाई, जरा इकडे या. हा माईक माझ्या तोंडाजवळ धरा, आणि काहीही झालं तरी मधे पडायचं नाही. वन्सं, हार अध्यक्षांकडे द्या आणि माझ्या मागे या. मॅडम, हार मानताना अंगावर दोन थापा मारतात, ते तुम्हाला सांगायला नको. मी जीव तोडून ओरडणार. माझ्या थापेआधी यांनी सोडलं, तर तुम्ही खुशाल एकट्या जा. हं वन्सं, आवळा.

आई गं! आई गं! अगं मेले गं बाई... अध्यक्ष, तुम्ही बसा... सासूबाई, रडू नका, माईक... आई...

पाणी द्या जरा.

हं. पाहिलंत? दोन थापा मारल्या तेव्हा सुटले, आधी नाही! आणि सुटल्याबरोबर मागून काय आवाज आला? माईक तिथेच होता, सगळ्यांनी ऐकलंय. "वहिनी, लागलं का?" विचारलंच! पण आधी जिंकली, मग विचारलं. मॅडम, तुम्ही हसताय. मान हलवताय. आडवी की उभी? उभी! अहो, उभी हलली! सर, खुर्चीवर चढू नका, खाली डबे पडतील! अध्यक्षच म्हणतायत, पडू देत!

म्हणजे आत्ता कुठे हा निरोप समारंभ झाला. आणि मला कसं एकदम... थांबा. अगं, तू खरंच चाललीस की. वाईट वाटतंय मला, खूप वाटतंय, आणि आनंदाने नाचावंसंही वाटतंय. सासूबाईंचंही तेच दिसतंय, त्यांनी माईकनेच डोळे पुसले.

मॅडम, तुमचे उपकार. सर, तुमच्या उतावळेपणाचेही उपकार, नाहीतर हार वेळेवर मिळाले नसते. अध्यक्षमहाराज, आजवर फळीवरून पडलेल्या प्रत्येक डब्याबद्दल आम्हा दोघींना क्षमा करा. बोलण्यात कुठे तोल गेला असेल, शब्द घोगरे निघाले असतील, तर तेही पोटात घाला; गळा नुकताच परत मिळालाय.

एकच मागणं आहे, मॅडम. बट सारायची सवय मोडा, जिने चढवा, काय हवं ते करा. पण फेरी संपली की ती समोरचीला विचारेल. तिथल्या मुलींना सांगून ठेवा, हसायचं नाही, उत्तर द्यायचं. उत्तर मिळेपर्यंत तिला घास जात नाही.

अगं हो, मघाशी तू मलाही विचारलंस, ते राहूनच गेलं.

नाही गं. चल, अजून एक फेरी.