‘पूर्ण बरा’ या फलकाखालून

आदरणीय अध्यक्षमहाराज, व्यासपीठावरचे विश्वस्त, आमचे सर्जनसाहेब, वॉर्डातल्या माझ्या सिस्टर आणि मावश्या, आणि नवे कपडे घालून आलेल्या मुलांनो व त्यांच्या आई-बाबांनो, सर्वांना नमस्कार.

माझ्याबद्दल आत्ता जे बोललं गेलं ते ऐकून मला क्षणभर वाटलं, मी वारले की काय! मुलांच्या किडनीची डॉक्टर म्हणून निवृत्तच होतेय हो. एवढं गोड बोललात, आभार. आता थोडं कडू ऐकून घ्या.

माझ्या मागे हा फलक लावलाय. हसरा मुलगा, आणि खाली दोन शब्द: ‘पूर्ण बरा’. या मुलाला आम्ही वॉर्डात ‘मास्तर’ म्हणायचो, कारण सुई कुठे टोचायची हे तोच सिस्टरना शिकवायचा. जन्मतःच त्याच्या लघवीच्या वाटेत एक पडदा होता. लघवी अडून मागे फिरायची, आणि त्या दाबाने आईच्या पोटातच त्याच्या दोन्ही किडन्या खराब व्हायला लागल्या होत्या. सर्जनसाहेबांनी पडदा काढला. ऑपरेशन सुंदर झालं, त्यात शंकाच नाही. पण मोरीतला बोळा काढला म्हणून भिंतीत मुरलेली ओल जाते का? किडनीचा गेलेला भाग परत येत नाही. उरलेला भाग मूल वाढेल तसा थकत जातो, आणि थकताना दुखतही नाही. म्हणून बीपी, रक्त, लघवीतलं प्रोटीन तपासत राहायचं. मोठा होईपर्यंत, आणि झाल्यावरही.

फलकावर तेवढी एक ओळ घाला, असं सांगायला मी प्रसिद्धी विभागात गेले होते. तिथले साहेब म्हणाले, “मॅडम, ‘जन्मभर तपासणी’ लिहिलं तर गिऱ्हाईक पळेल.” गिऱ्हाईक! मला किळस आली. ती अजून गेलेली नाही.

मास्तर यायचा बंद झाला. काही वर्षांनी आला तो सुजलेला चेहरा घेऊन. मी त्याच्या वडिलांवर तोंड सोडलं. ते शांतपणे म्हणाले, “तुमच्याच भिंतीवर छापलंय ना, पूर्ण बरा? मग रजा टाकून कशाला यायचं?”

आज तो डायलिसिसला येतो. हाच फलक लिफ्टशेजारीही आहे, त्याच्याखालून जातो. परवा मला म्हणाला, “डॉक्टरकाकू, तो फोटो काढायला सांगा ना. लोक विचारतात, हा तूच का? मग एकदम गप्प होतात.” मी सांगितलं. उत्तर आलं, समारंभ होऊन जाऊ द्या, भिंत बोडकी दिसेल. शी! दुसरा शब्द सुचत नाही मला.

आणि आज शोभेसाठी ही सगळी ‘बरी झालेली’ मुलं गोळा केलीत. मगाशी चहा घेताना मी एकेकीला विचारत होते. शेवटची तपासणी कधी झाली, हे बहुतेक आयांना आठवतच नाही.

असो. संयोजकांचे आणि माझ्या सिस्टरांचे मनापासून आभार. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. माझी ड्युटी पाचला संपते, तोवर मी इथली डॉक्टर आहे. सिस्टर, बीपीचं यंत्र आणि लघवीच्या बाटल्या इथे वरच आणा. विश्वस्तांनी कृपया खुर्च्या रिकाम्या कराव्यात. आणि आई-बाबांनो, पोरांना घेऊन रांग लावा.